बांधावरचे नंबरवाले दगड

ती फिर्याद मी आजही शब्दन् शब्द सांगू शकतो, कारण तशी फिर्याद माझ्या नोकरीत पुन्हा कधी आली नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. पाचोऱ्याहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका लहान ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो.

सकाळची हजेरी चालू असताना एक तरुणी वडिलांना घेऊन आली. वडील रस्त्याच्या गँगवर खडी फोडणारे, मुलगी मात्र भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करणारी. गावी येताना एस.टी.च्या टपावरून तिची लोखंडी पेटी चोरीला गेली होती.

"पेटीत काय होतं?" ठाणे अंमलदार असलेल्या हवालदाराने विचारलं.

"दगड."

त्याने पेनच खाली ठेवलं. "ताई, दगडांना काय तोटा आहे आपल्याकडे? गाडीभर देतो."

खरं सांगतो, हसू मलाही आलं. पण ती जागची हलली नाही. "साहेब, आपल्याकडचा दगड काळा. हा ग्रॅनाइट आहे, दक्षिणेतल्या एका खाणीतला. त्यात दुर्मिळ मृदा खनिजं सापडली आहेत, माझा सगळा अभ्यास त्यावरच आहे. खाणीचा तो भाग आता सुरुंगाने उडवलाय, दुसरे दगड मिळायचे नाहीत. दोन महिन्यांत प्रबंध द्यायचाय. दगड गेले तर पाच वर्षं गेली."

वडील नुसते पोरीकडे बघत होते. मला माझीच लाज वाटली. "घ्या फिर्याद लिहून," मी हवालदाराला दरडावलं. एकूण बावीस दगड, प्रत्येकावर पांढरा रंग लावून घातलेला नंबर. सतरा नंबरचा सगळ्यांत मोलाचा. त्यात काळे चमकदार खडे, आणि हातात घेतला तर दिसतो त्याहून जड.

आठ दिवस हाती काही लागलं नाही. भंगारवाले झाले, स्टँडवरचे हमाल झाले. आढावा बैठकीत वरिष्ठांनी "काय हो, दगड सापडले का?" असं विचारून माझी यथेच्छ चेष्टा करून घेतली. मी दात-ओठ खात बसलो.

नवव्या दिवशी एक म्हातारे शेतकरी तणतणत ठाण्यात शिरले.

"मना बांधवर मोजनीना दगड टाकी दिनात, साहेब! त्यासवर नंबर लिखेल शेतस. हाई बठ्ठं मना चुलतभाऊनं काम शे. लिखी ल्या तक्रार!"

चुलतभावाने बांधावर मोजणीचे दगड टाकले, असली भांडणं आमच्याकडे रोजचीच. तलाठ्याकडे जा म्हणून मी त्यांना वाटेला लावणार, एवढ्यात डोक्यात काहीतरी चमकलं.

"आबा, दगड काळाच आहे ना?"

"नही ना! गोरा शे. आठला नहीच तो."

दगड इथला नाही, एवढं ऐकताच मी टोपी उचलली आणि आबांना जीपमध्ये घातलं. बांधावर पाच दगड पडले होते. पुढे गाडरस्त्याने चालत गेलो तर दर पंचवीस-तीस पावलांवर एकेक सापडत गेला. चोराने चालता चालता चिडून भिरकावलेले, हे शेंबडं पोरही सांगेल. एकवीस मिळाले. शेवटचा पडला होता गावाबाहेरच्या एका घराजवळ, आणि त्या घरात राहत होता स्टँडवर एस.टी.च्या टपावर सामान चढवणारा इसम. पंचांसमक्ष झडती घेतली. घरात ना पेटी, ना सतरा नंबर. दगड हुडकायला गेलेले आम्ही, आत लोणच्याच्या बरण्यांकडे कोण बघतो!

ठाण्यात आणल्यावर त्याने कानावर हात ठेवले. पेटी बघितलीच नाही म्हणे. मी आवाज चढवला नाही. टेबलावर एकवीस दगड मांडले, त्याच्यासाठी चहा मागवला आणि हवालदाराशीच बोलल्यासारखं बोलू लागलो.

"वाईट एका गोष्टीचं वाटतं बघा. सतरा नंबरचा दगड ज्याच्याकडे आहे, त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही. सोन्याहून दुर्मिळ वस्तू आहे त्याच्यात." दिलं ठोकून.

त्या माणसाचा चहाचा कप तसाच हवेत राहिला.

"अरे देवा! तो ते मनी मायनी लोनचानी बरनीवर ठेयेल शे!"

बोलून गेला आणि जीभ चावली. हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मग सगळं घडाघडा आलं. पेटी जड लागली तेव्हा त्याला वाटलं, जळगावच्या सराफाकडे चाललेली चांदी आहे. वाटेत कुलूप तोडलं, आत दगड. संतापून फेकत सुटला, पण सतरा नंबरचा जडपणामुळे जवळ ठेवला. आईने तो धुऊन घेतला आणि कैरीवर दाब म्हणून ठेवला. रिकामी पेटी त्याने धुळ्यात विकली होती, तीही मिळाली.

पण खरी मेख पुढेच होती. दगड आता मुद्देमाल झाले. निकाल लागेपर्यंत ते मालखान्यात पडले असते आणि पोरीची मुदत टळली असती. चोर पकडून तिला काय मिळालं असतं? मी प्रत्येक दगडाचा फोटो काढला, सविस्तर पंचनामा केला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर स्वतः उभा राहिलो. त्यांनी सतरा नंबर नाकाशी नेला, हसले आणि बंधपत्रावर दगड परत देण्याचा हुकूम दिला.

मी पुढे दरोडे उघडकीस आणले, प्रशस्तिपत्रंही मिळवली. पण त्या घटनेने जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. चोरीला गेलेल्या वस्तूचं मोल फिर्यादीच्या तोंडूनच ऐकायचं असतं, आपल्या अकलेने ठरवायचं नसतं.

वर्षभराने तिचे वडील एकटेच ठाण्यात आले. आल्या आल्या "जय भीम, साहेब" म्हणाले आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या तळहातांचे घट्टे मला टोचत होते.

"पोरगी डॉक्टर झाली, साहेब! दगडाची डॉक्टर!"

मी इतक्या जोरात ओरडलो की लॉकअपमधले आरोपीसुद्धा उठून उभे राहिले.