शांत स्वभावाचे मासे

कशेळीच्या गोदामातली ड्युटी करून घरी आलं की डोकं भणभणायचं. शिवाय घरी बाबा. उभी हयात लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि ते साधं पाणीसुद्धा ओरडून मागतात. घरात निदान कुणीतरी गप्प असावं, म्हणून मी काचेची टाकी आणि सिक्लिड माशांची जोडी आणली. दुकानदाराने भरवसा दिला होता, "एकदम शांत मछली है, दीदी. बस रेत छानती रहेगी."

तशी ती चाळत राहिली. तोंडभर वाळू घ्यायची, त्यातलं खाणं टिपायचं आणि उरलेली कल्ल्यांतून सोडून द्यायची. बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

"दिवसभर रेती खाते आन् थुकते. हिला दुसरं काम न्हाय?"

काही महिन्यांनी चपट्या दगडावर अंडी दिसली. नर-मादी आळीपाळीने पहारा देत होते. पिल्लं वळवळायला लागली, त्या सकाळी बाबांनी अशी हाक मारली की शेजारीण लाटण्यासकट धावत आली.

"बाय, खाल्ली! पोटची पोरं खाल्ली हिनं!"

दगड रिकामा होता आणि मादीचा गळा फुगलेला. बाबा जेवले नाहीत. मी दुकानदाराला फोन लावला.

तो हसला. "खाया नहीं, मुँह में रखा है. ऐसे ही पालती है. छेड़ना मत."

"दुकानदार हाय तो," बाबा म्हणाले. "विकलेला माल परत घेईल व्हय?"

तरी ते टाकीपुढून हलेनात. मग एका दुपारी मादीने तोंड उघडलं आणि धुरासारखी पिल्लं बाहेर पडली. मी बोट दाखवायला हात उचलला, तशी सगळी पुन्हा आत शिरली. काही तर घाईत नराच्या तोंडात.

"हळू," बाबा कुजबुजले. "भितात गो."

त्यांना कुजबुजता येतं, हे मला तेव्हा कळलं.

शांततेचा त्रास त्या दिवसापासून सुरू झाला. टीव्ही बंद. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. फोन आला की मी जिन्यात.

पिल्लं वाढली, टाकीत मावेनात. शेजारणीने नवी टाकी आणून थोडी मागितली. बाबा तिच्याकडे जाऊन टाकी बघून आले, वाळू चिमटीत चोळून पाहिली. "जाड हाय. टोचंल." नकार. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मुलगा एकदाच पाहिला होता, तोही चहा संपेपर्यंत.

शेवटी तिने बारीक रेती आणली, तेव्हा कुठे पिल्लं दिली. आता बाबा रोज सकाळी तिच्याकडे चक्कर मारतात. ती बिचारी दार उघडंच ठेवते.