ब्राझीलचं सुतक

आमच्या बियाणे कंपनीच्या गेटवरचा वॉचमन समोरच्याचं पुरतं ऐकून घेतो, "बराबर" म्हणतो आणि गप्प बसतो. त्याला भेटायला कधी कोणी आलेलं मी पाहिलं नाही.

त्याच्या केबिनमध्ये पेपरातलं एक कात्रण चिकटवलेलं होतं. ब्राझीलच्या जंगलातला एक आदिवासी. जमिनीपायी त्याची सगळी जमात मारली गेली आणि तो एकटाच उरला. त्याचं नाव, त्याची भाषा कुणालाच कळली नाही. सरकारी माणसं लांबूनच अवजारं, बियाणं ठेवून जायची.

तो गेल्याची बातमी मीच मोबाइलवर वाचून दाखवली. वॉचमन "बराबर" म्हणाला नाही. उठला आणि कंपनीच्या नळाखाली कपड्यांसकट बसला, भावकीतलं कोणी गेल्यावर आंघोळ करतात तसा.

"अहो, तो कोण तुमचा?"

"कोनीच न्हाई. पन त्याचं सुतक धरायला तिकडं कोन उरलंय, सायेब?"

निथळतच तो खुर्चीवर येऊन बसला. शर्टाची बाही पिळत म्हणाला, "तुमच्या घरी नळाला पानी कधी येतं?"

"आठ दिवसांनी. का?"

"सहज इचारलं. आंगुळीपुरती एक बादली भरून ठेवत जा."