रोडगे खाऊन गोल अडवताना

अकोला स्टेशनच्या बाहेर पडले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पाठीवर कपड्यांची सॅक आणि हातात माझ्या कमरेएवढी उंच, चौकोनी बॅग. रिक्षावाल्या काकांनी ती उचलून मागे ठेवली आणि विचारलं, "बाजाची पेटी हाय काय वो ताई?"

बॅगेत गोलकीपरचे पॅड, हेल्मेट आणि चाकांचे बूट होते. पण ते समजावून सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. मी हो म्हणाले. मग जुन्या शहरापर्यंत काका त्यांच्या भजनी मंडळाबद्दल बोलत राहिले. मोर्णा नदीच्या पुलावर त्यांनी एक चाल म्हणूनही दाखवली. उतरताना म्हणाले, "गुरुवारी येजा. आमच्याकडे पेटीवाला नाई."

मी त्यालाही हो म्हणाले. पुढचे चार महिने दर गुरुवारी मी त्या भजनी मंडळाच्या गल्लीतून मान खाली घालून गेले.

मी आले होते हॉकी खेळायला. बर्फावर खेळतात त्या हॉकीची ही चुलत बहीण: रोलर हॉकी. बर्फाच्या जागी सिमेंटचा कोबा, पात्यांच्या जागी चार चाकं, चकतीच्या जागी कडक रबरी चेंडू. एका संघात पाच जणी, त्यातली एक गोलकीपर. अकोला, अमरावती, अंजनगाव सुर्जी आणि नांदगाव खंडेश्वर अशा चार संघांची छोटीशी व्यावसायिक लीग दिवाळीनंतर सुरू होते आणि होळीच्या आसपास संपते. पुण्याच्या क्लबात मी चार वर्षं तिसरी गोलकीपर होते. तिसऱ्या गोलकीपरचं काम पाण्याच्या बाटल्या भरणं. अकोल्याच्या संघाने एका मोसमाचा करार पाठवला तेव्हा घरी नीट चर्चा होण्याआधीच मी सही करून टाकली होती. एवढं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं, आणि तेही कागदावर केलं म्हणून जमलं.

माझी राहायची सोय कर्णधार वैशालीच्या घरी होती. तिच्या घरचा भाजीचा मळा आहे. पहाटे अंगणात मेथी, पालक आणि सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मला हे कळेपर्यंत मी दोनदा इडलीची वाट पाहिली होती) यांच्या जुड्या बांधल्या जात. वैशाली हात चालवता चालवता बोलत असे, तिची आई त्याहून जास्त बोलत असे. मी जुड्या बांधायला शिकले आणि ऐकत राहिले.

पहिल्याच सरावात माझी अडचण उघडी पडली. गोलकीपर गुडघ्यांत वाकून बसलेली असते, आणि अख्खं मैदान फक्त तिलाच समोर दिसतं. कोण मोकळी सुटली, कोण पाठीमागून येतेय, हे तिने ओरडून सांगायचं असतं. मला सगळं दिसत होतं. मी म्हणाले, "वैशाली, जरा तुझ्या डावीकडे बघशील का, तिथून एक..."

तोवर चेंडू माझ्या पाठीमागे जाळ्यात होता.

वैशालीने चाकांवर गिरकी घेतली. "अवो बाई, तू मले पत्र लिहून राहिली काय?"

आमचे प्रशिक्षक राऊत सर शाळेत पीटी शिकवत. ते गळ्यातली शिट्टी चावत माझ्याजवळ आले. "हे पाय, गोली म्हंजे घरातली सासू पायजे. बसल्या जागेवरून साऱ्याईले कामं सांगते ते. तू त नवी सून होऊन बसली!" सगळ्या हसल्या. मीही हसले, हेल्मेटच्या आत. हेल्मेटचा हा एक मोठा फायदा आहे.

डिसेंबर-जानेवारी असेच गेले. चेंडू मी बरेच अडवले, तोंड मात्र उघडलं नाही. साखळीतले शेवटचे दोन सामने उरले तेव्हा सरांनी स्पष्ट सांगितलं, "अंजनगाव आन् नांदगाव, दोन मॅच देतो. आवाज निघाला नाई त अमरावतीले होनाऱ्या फायनलले दुसरी गोली खेळन." दुसऱ्या गोलीचे हात माझ्याइतके चपळ नव्हते, पण तिचा आवाज मोर्णेच्या पलीकडे ऐकू जायचा. माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पाण्याच्या बाटल्या आल्या.

अंजनगावला आम्ही दर्यापूरमार्गे एसटीने गेलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तुरीचं उभं पीक, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. कापसाच्या गाड्या जाताना काटे आपला वाटा काढून घेतात, असं वैशाली म्हणाली. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली की अंजनगाव आलं समजायचं.

या लीगची एक रीत आहे. पाहुण्या संघाला हॉटेलात ठेवत नाहीत. यजमान संघातल्या मुली पाहुण्या वाटून घेतात आणि आपापल्या घरी जेवायला नेतात. म्हणजे जिचा गोल दुपारी अडवायचा, तिच्याच आईच्या हातचं सकाळी जेवायचं. माझ्या वाट्याला प्रणाली आली. अंजनगावची सगळ्यात वेगवान खेळाडू.

तिच्या आईने रोडगे केले होते. जाडसर गव्हाच्या पिठाचे हे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, वरून तडकले की फोडून तुपात बुडवतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पहिला रोडगा मी आनंदाने खाल्ला. दुसरा कर्तव्य म्हणून. तिसरा ताटात पडला तेव्हा मी तोंड उघडलं, पण काकू तोवर तूप ओतत होत्या.

"घे वं माय, एकानं काय होते!"

प्रणाली ताटाकडे बघत होती. "आई, मले एकच वाढला."

"तुयी मॅच हाय ना दुपारी. जड होईन."

"मंग तिचीबी हायच ना!"

"ते पाहुनी हाय," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

यात कपट अजिबात नव्हतं. नंतर कळलं की आमच्या सगळ्याच जणींना वेगवेगळ्या घरांत असंच वाढलं गेलं होतं. वैशालीने तर चार खाल्ले होते. दुपारी पॅड बांधायला मी खाली वाकले आणि तशीच थोडा वेळ थांबले. सामन्यात आमचा संघ पाण्याने भरलेल्या हंड्यांसारखा जपून चालत होता. आम्ही पाच-एकने हरलो. प्रणालीने तीन गोल केले. तिन्ही वेळा ती कुठून येतेय ते मला आधीच दिसलं होतं.

सामन्यानंतर काकू चहा घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. "मायाच्यानं हारली काय वं तू?"

"नाही काकू," मी म्हणाले. "मला समोरचं सगळं दिसतं, पण ओरडून सांगता येत नाही. म्हणून हरलो. आता सर मला अमरावतीला खेळवणार नाहीत."

इकडे आल्यापासून मी कुणाला सांगितलेलं हे सगळ्यात लांब काहीतरी होतं. काकूंनी माझ्या बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं.

नांदगाव खंडेश्वरचं मैदान म्हणजे धान्याच्या बाजारातलं पत्र्याचं मोठं शेड. आदल्या दिवशी तिथे तूर उतरली होती. चाकाखाली तुरीचा एक दाणा आला तरी माणूस आडवं होतं. म्हणून सामन्याआधी दोन्ही संघ, पंच, दोन्हीकडचे प्रशिक्षक, सगळे उकिडवे बसून दाणे वेचतात. अर्धा तास गप्पा. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा दुखतो. मग शिट्टी वाजली की त्याच मुली एकमेकींना मैदानाभोवतीच्या कठड्यावर ढकलतात. मला ही पद्धत फार आवडली. ढकलणारीचं नाव-गाव माहीत असलं की कमी लागतं.

तिथे आम्ही जिंकलो आणि अंतिम सामन्यात पोचलो. मी एकदा हाकही मारली होती.

"आवाज आला नाई," सर म्हणाले.

"दिला होता, सर."

"मले आयकू आला नाई म्हंजे नाई आला." मग शिट्टी खिशात टाकत म्हणाले, "पयला हाफ तुले देतो. मंग पाहू."

अमरावतीला मार्चचं ऊन होतं, आणि मैदान इथेही पत्र्याच्या शेडमध्ये. गिला वड्याच्या, म्हणजे इकडच्या दहीवड्याच्या, गाडीवरून आम्ही डोळे मिटून पुढे गेलो. अंजनगावने एवढं तरी शिकवलं होतं. रसवंतीतून आणलेला बर्फ फडक्यात बांधून सगळ्या जणी गुडघ्यांवर धरून बसल्या. बर्फाच्या हॉकीशी आमचा आलेला हा एकमेव संबंध.

समोर अंजनगाव. सामना त्यांच्या मैदानावर नव्हता, तरी तिकडची पन्नासेक माणसं आली होती. प्रणालीची आई माझ्या गोलच्या मागे, कठड्यावरच्या जाळीला नाक लावून बसली होती. पहिला हाफ संपत आला तेव्हा एक-एक झालं होतं. मी अजून गप्प होते. कठड्यापाशी दुसरी गोली पॅड बांधायला लागली होती. तिच्या पट्ट्यांचा आवाज मला इतक्या गोंगाटात ऐकू येत होता.

चेंडू उजवीकडे होता. वैशालीचं लक्ष तिकडेच. आणि तिच्या पाठीमागून, डाव्या कठड्याच्या कडेने, प्रणाली सुटली.

मला दिसलं. मी नुसता हात वर केला.

तेवढ्यात जाळीमागून काकूंचा आवाज आला. "अवो पोट्टे, सांग ना तिले! मायी पोरगी येऊन राहिली ना मागून!"

"वैशाली!" मी ओरडले. "मागं पाय! मागं! झोपली काय वं?"

शेडमध्ये माझाच आवाज पत्र्यावर आपटून परत आला. वैशाली दचकून वळली, स्टिक आडवी पडली, प्रणालीकडे निघालेला चेंडू कठड्यावर गेला. लोक हसायला लागले. प्रणाली वेग आवरत थेट जाळीपाशी येऊन थांबली.

"आई! तू कोनाच्या बाजूनं हाय?"

"तुयाच बाजूनं हावो," काकू म्हणाल्या. "पन हे पोरगी तशीच उभी होती ना बिचारी. मले पाहवलं नाई."

दुसऱ्या हाफमध्ये मी थांबलेच नाही. डावीकडे जा, उठ, ये, सोड, कुठी चालली! वैशाली एकदा जवळून जाताना म्हणाली, "आता जरा चूप बस वं माय." सरांनी दुसऱ्या गोलीला पॅड सोडायला सांगितलं.

तरी आम्ही हरलो. बरोबरी सुटली नाही म्हणून पेनल्टी झाल्या. पेनल्टीत समोर एकटी खेळाडू असते, सांगायला कुणी नसतं. शेवटची प्रणालीने मारली, माझ्या उजव्या खांद्यावरून. काकूंनी जाळी हलवून हलवून आनंद केला. मग डबा घेऊन आल्या. आत रोडगे.

"दोनच घेते, काकू."

"दोन काय, तीन घे."

"दोन म्हणजे दोन."

त्यांचा चमचा हवेतच राहिला. मग त्या वळून सरांना म्हणाल्या, "घ्या गुरुजी. बोलाले लागली तुमची गोली."

"उशिरा लागली," सर म्हणाले. आणि मला, "पुढच्या मोसमाले येजो. घसा नीट ठेवजो."

परतीच्या दिवशी वैशालीच्या गल्लीच्या तोंडाशी तेच रिक्षावाले काका उभे होते. बॅग उचलता उचलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काका, यात पेटी नाही. हॉकीचे पॅड आहेत. मी तेव्हा खोटं बोलले होते."

"मले त पयल्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "पेटी एवढी हलकी नसते. मले वाटलं, लाजून राहिली पोरगी, गुरुवारी आली त सांगन." स्टेशनपर्यंत ते पुन्हा गायले. या वेळी मी, अगदी बेसूर, शेवटच्या ओळीला साथ दिली.

गाडीत विचार करत होते की या मुलखाने मला नेमकं काय शिकवलं. हॉकी तर मला आधीही येत होती. पुण्यात गप्प राहिले की लोक मला समजूतदार म्हणायचे आणि तिसऱ्या जागेवर बसवायचे. वऱ्हाडात कुणाला माझा शांतपणा शहाणपणाचा वाटला नाही. तिथे लोक त्याला सरळ अडचण समजले, आणि ती सोडवायला समोरच्या संघातल्या मुलीची आईसुद्धा धावून आली.

घरी पोचले त्या दुपारी आईने तिसरी पोळी वाढायला हात पुढे केला.

"नको!" मी म्हणाले.

जरा जोरात आलं असावं. आईच्या हातातली पोळी परत डब्यात गेली आणि समोरच्या गॅलरीतून शेजारच्या काकूंनी वाकून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही, काकू," मी इकडूनच ओरडून सांगितलं. "जेवण झालं."