विल्निसचं सिमेंट

फेब्रुवारीत नवरा गेला, तेव्हापासून स्कैद्रीतेला काही वाटेनासंच झालं होतं. रडूसुद्धा आलं नाही. किल्ल्याच्या तिकीटखिडकीत बसून ती तिकिटं फाडायची, घरी जाऊन राईचा काळा पाव खायची आणि झोपायची. शेजारणी म्हणायच्या, "मन मोकळं कर गं बाई!" मोकळं करायला आत काही असायला तर हवं!

नवरा, विल्निस, हाडाचा गवंडी. एकतीस उन्हाळे त्याने या एकाच पडक्या किल्ल्याची डागडुजी केली. जुनं कुठलं नि आपलं कुठलं, हे कुणाच्या बापाला ओळखता येऊ नये, एवढीच त्याला हौस. नोंदी कसल्या ठेवतोय! सिमेंटमध्ये विटांची भुकटी, काजळी, काय वाट्टेल ते मिसळायचा. कालवायला बायको, म्हणून तिला तेवढं ठाऊक.

त्याच सिमेंटने घात केला. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडेना. हिवाळ्यात ते गोठून फुगायचं नि दगड ढकलायचं. मार्चमध्ये एक धोंडा थेट पायवाटेवर आला. मे महिन्यात राजधानी रीगाहून रैतिस नावाचा तरुण इंजिनिअर आला, सिमेंट काढून चुना भरायला.

"तुमच्या यजमानांनी आम्हाला चांगलंच बनवलंय हो, मावशी," तो म्हणाला. "नमुने तपासत बसलो तर उन्हाळा सरेल. तुम्हीच दाखवा ना."

ती खडू घेऊन निघाली. बुरूज, पायऱ्या, विहिरीची भिंत. जिथे जिथे विल्निसचा हात लागला होता तिथे तिने फुली मारली. माणसं मागोमाग छिन्नी चालवत होती. तिला काहीच वाटत नव्हतं.

दरवाजाच्या कमानीपाशी रैतिस म्हणाला, "ही सोडा. ही अस्सल, सहाशे वर्षांची. असा हात आता कुणाला यायचा?"

स्कैद्रीते थांबली. हे ऐकायला विल्निस जन्मभर आसुसला होता. ती गप्प राहिली असती, तर त्याची एवढी कमान तरी उरली असती. कमानीखालून सहलीची पोरं एकमेकांना ढकलत चालली होती.

तिने कमानीवर फुली मारली. "हीपण त्याचीच. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली. आधी हिलाच हात घाला."

रैतिस बघतच राहिला. "त्यांना हे कुणी सांगितलं होतं का कधी? की त्यांचं काम इतकं..."

"नाही. तुम्हीच पहिले," ती म्हणाली. "तीन महिने उशिरा आलात."

आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिकीटखिडकी पुन्हा उघडायची वेळ झाली होती, म्हणून ती खाली गेली.