नानांचं बिनतारी विमान

माझ्या नवऱ्याने बनवलेलं एकुलतं एक विमान मी पाडलं.

नानांना जाऊन आज अकरा वर्षं झाली. मी सत्त्याण्णव वर्षांची. बोट थरथरतं, म्हणून मी बोलते आणि नात मोबाइलवर टाइप करते. चुका असतील तर तिच्या.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं. माहेर जळगावजवळ पिंप्राळ्याला, सासर धुळ्याजवळच्या एका खेड्यात. नाना महायुद्धात वायरलेस मेकॅनिक होते. घरी परतले ते मुंबईहून जुन्या लष्करी सामानाची एक ट्रंक घेऊनच.

दिवसभर पडवीत बसून बांबूच्या कामट्या तासायचे. माझ्याशी बोलणं म्हणजे "चहा" आणि "बरं".

शेवटी मीच विचारलं, "अहो, हे काय आहे?"

"विमान."

"उडेल?"

"उडेल. आणि खालून सांगू तिकडे वळेल."

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. मग मला राहवेना.

विमानाला इंजिन नव्हतं. टेकडीवरून हाताने सोडायचं, की ते घारीसारखं तरंगत जाणार. पोटात जुन्या रेडिओत असायचा तसा एक काचेचा व्हॉल्व्ह, बॅटऱ्या आणि पीळ दिलेलं रबर. खाली ट्रान्समीटरचं बटण दाबलं की रबराचा पीळ थोडा सुटून शेपटीची पट्टी वळायची. सोडलं की सरळ.

एकच गोम होती.

पहिल्यांदा दाबलं की उजवीकडे. दुसऱ्यांदा दाबलं की डावीकडे. पुन्हा उजवीकडे. क्रम डोक्यात ठेवायचा.

अंगणात पहिली चाचणी केली. विमान तुळशीपाशी, बटण पडवीत. नानांनी बटण दाबलं आणि तिकडे शेपटी टकदिशी हलली.

सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, काठी घेऊन उठले. विमान आणि पडवी यांच्या मधल्या हवेत काठी फिरवून पाहिली. वर. खाली. पुन्हा वर.

"दोरा कोठे शे?"

"दोरा नाही, आबा."

"मंग हालस कसं हाई?"

नानांनी समजावलं. आबांना कितपत कळलं, देव जाणे. पण दुसरी गोष्ट त्यांना बरोब्बर कळली.

"पोलिसले समजनं तं?"

परवान्याशिवाय असला ट्रान्समीटर वापरणं तेव्हा गुन्हा होता.

आबांनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, "एक डाव उडाव. मंग कामधंदा देख."

तसाही व्हॉल्व्ह एकच होता. तो फुटला तर दुसरा मिळणार नव्हता.

पंखांवर कागद मी चिकटवला. संक्रांतीचे पतंगाचे ताव उरले होते, आणि खळ करण्यात माझा हात बसलेला. वरून तोंडाने पाण्याचा फवारा मारला. वाळल्यावर कागद ढोलकीसारखा ताणला गेला.

सकाळी मी मागून पाहिलं आणि म्हटलं, "डावा पंख पिळलाय."

"कुठे?"

"इथून बघा ना."

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. एक डोळा मिटून पाहिलं. मग पंख हंड्याच्या वाफेवर धरून सरळ केला.

नंतर दोन बोटांवर विमान तोललं. शेपटी खाली जात होती. बॅटऱ्या पुढे सरकवल्या, व्हॉल्व्हभोवती शेतातला कापूस दाबून भरला. तोल जमला.

तेव्हा ते म्हणाले, "धावत जाऊन फेकायला मी लागेन. बटण तू दाबायचं."

"मी? आणि चुकले तर?"

"चुकायचं नाही."

आठ दिवस भाकरी थापतानाही मी पुटपुटत होते. उजवं, डावं, उजवं, डावं. सासूबाईंना वाटलं, सुनेला काही लागिर झालं.

वारा पडलेला होता त्या सकाळी. ट्रान्समीटर बैलगाडीतून टेकडीवर नेला. मागून अर्धं गाव.

नाना धावले. फेकलं.

विमान जरा खाली गेलं, सावरलं, आणि तरंगायला लागलं.

मी दाबलं. उजवीकडे वळलं! गाव ओरडलं.

पुन्हा दाबलं. डावीकडे.

पुन्हा उजवीकडे. ते इतकं सुंदर दिसत होतं की मी बघतच राहिले. आणि क्रम विसरले.

समोर बाभूळ आली. मला वाटलं, आता उजवीकडे. दाबलं.

ते डावीकडे वळलं आणि थेट बाभळीत शिरलं.

नाना उतारावरून पळत गेले, तुकडे गोळा केले आणि परत येताना प्रत्येक पाऊल मोजत आले.

"व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

"फुटला."

मला रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं. मी चुकीचं दाबलं."

"चुकीचं दाबलंस, पण ते वळलं ना?"

"वळलं."

"तू दाबलंस तेव्हाच?"

"हो."

"म्हणजे सिग्नल एवढ्या लांबवर पोचला!" त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. "अगं, मी घरी हिशोब केला होता त्याच्या दुपटीवर पोचला!"

आबांनी काठीनेच त्यांना घराकडची वाट दाखवली.

नानांनी धुळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. विमान पुन्हा बनवलं नाही.

पण टेकडीवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं, फुटक्या व्हॉल्व्हच्या आतली तार दाखवली आणि हे सगळं कसं चालतं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

ते सांगणं अडुसष्ट वर्षं चाललं.

नाना, आदरांजली.

तुमची, प्रमिला.