नवरदेवाच्या घोडीचे केस

माझ्या नणंदेला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या घोडीची शेपटी धरून उभ्या होत्या. देवासहून वरात धारला आमच्या दारी आली होती, बँड वाजत होता. मी गच्चीवरून चोरून नवरदेव बघायला गेले आणि नजर गेली ती या शालूतल्या बाईकडे. "भिया, बस चार बाल निकालने दो पूँछ के," असं त्या घोडीवाल्याला सांगत होत्या. तो नको नको म्हणेपर्यंत बाईंनी हिसका दिलासुद्धा. घोडी उसळली, नवरदेवाचा फेटा कानावर आला, आणि माझी आई म्हणाली, "कुठल्या घरात देतोय गं पोरीला."

या आमच्या विजूवन्सं. मला बघायला किंवा साखरपुड्याला त्या आल्याच नव्हत्या. दूर एका शहरातल्या संशोधन संस्थेत त्यांचा प्रयोग चालू होता. थोरली बिनलग्नाची आणि धाकट्या भावाचं लग्न, एवढ्यावरच देवासच्या आमच्या मराठी मंडळींची वर्षभराच्या गप्पांची सोय झाली होती. त्यात ही शेपटी.

सासरी आले त्याच संध्याकाळी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लेकीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "धारला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

वन्सं शांतपणे ते केस स्पिरिटनं पुसत होत्या. "घोडीनं तक्रार केली का अण्णा? मग तुम्ही कशाला करता?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमे, एखादी रिकामी कुंकवाची डबी दे बघू." मी नवी नवरी, पण उठून दिली.

केस कशाला, ते त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. आपल्या एकेका पेशीत बारीक पिशव्यांतून मालाची ने-आण चालते. पिशवी नेमक्या जागी पोचली की तिला तिथं जोडून देणारं माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन वन्संनी अभ्यासाला घेतलं होतं. त्याची घडण कळायला आधी त्याचे स्फटिक हवेत. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की आतली रचना काढता येते. पण वन्संच्या प्रथिनाच्या थेंबात नुसता भुगा जमायचा. त्या भुग्यात ताठ केस बुडवून तो नव्या थेंबातून ओढला, तर त्या रेघेवर चांगले स्फटिक धरतील अशी आशा असते. मांजराच्या मिशा वापरून झाल्या होत्या. संस्थेतल्या त्यांच्या सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर हे प्रथिन सोडून द्यायचं.

मामंजींनी हे दारातून ऐकलं. "मग दिवाळीनंतर बागलीच्या मंडळींना होकार कळवतो. मुलगा अजून थांबलाय."

"कळवा. पण दिवाळीनंतर. बघू कोण आधी थकतं."

हे त्यांचं पालुपद होतं. गॅसच्या रांगेत तेच, सासूबाईंनी अबोला धरला तरी तेच. सासूबाई तर संध्याकाळपर्यंत थकायच्याच.

दसऱ्याला त्या घरी आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "सुमे, अजून भुगाच आहे गं. केसही संपत आले." आवाज बसला होता. मी म्हटलं, घोडीवाल्याला विचारून आणखी पाठवू का? "नको, माझं नाव काढलंस तर तो घोडी घेऊन गंधवानीला पळून जाईल." एवढं बोलून हसल्या, पण मला रात्रभर चैन नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला आरती चालू असताना फोन वाजला. मी तशीच धावले.

"सुमे, आले. केस ओढला त्या रेघेवर ओळीनं उभे आहेत, खडीसाखरेसारखे. अण्णांना म्हणावं, बागलीला नकार कळवा."

मामंजी मागेच उभे होते. "सांग तिला, आता स्फटिकाशीच संसार कर म्हणावं."

वन्संना फोनवर ते ऐकू गेलंच. "सांग त्यांना, तोच चाललाय."

पूर्ण रचना उलगडायला पुढं काही वर्षं गेली. वन्सं तिचं चित्र घेऊन आल्या. रंगीत फितींचा गुंता होता नुसता. मामंजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, उलटं धरलंय तुम्ही." वन्सं म्हणाल्या, "असू दे आई, त्याला वर-खाली नसतंच." मामंजींनी उपयोग विचारला. "तुम्ही आत्ता चष्मा सारखा केलात ना अण्णा, तो हात हलायलासुद्धा आत ही ने-आण लागते." मामंजींनी चित्र परत दिलं नाही.

पुढं त्यांची स्वतःची प्रयोगशाळा झाली आणि मग एक मोठं दुखणं आलं. इस्पितळात डॉक्टरांनाही त्यांनी ऐकवलं, "बघू कोण आधी थकतं." या खेपेला त्याच थकल्या. मला अजून त्याचा राग येतो.

तेराव्याला बागलीकडच्या एक बाई पानावर बसून उसासल्या, "एवढी हुशार, पण दारी घोडी काही आली नाही हो बिचारीच्या."

मी वाढत होते. पातेलं खाली ठेवलं. "आली होती," म्हटलं. "माझ्याच लग्नात. हवं होतं तेवढं त्यांनी काढून घेतलं आणि घोडी सोडून दिली."

बाईंनी मामंजींकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "खरं आहे ते. मी होतो तिथं."