तंबूत बसलेली ताइमी

ताइमी साल्मेलाने एकदा नकारार्थी मान हलवली की विषय संपला. आमच्या कोस्की गावात पाद्र्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. तिचा नवरा गेला तेव्हा चार शहाण्यांनी सांगितलं की एकट्या बाईने तळ्याकाठी राहू नये, घर विकून गावात यावं. ताइमीने त्याच उन्हाळ्यात शिडी लावली आणि स्वतः छपरावर चढून जुने पत्रे उचकटले. खाली उभा राहून तिचा धाकटा भाऊ आर्वो सल्ले देत होता, तर तिने वरून एक पत्रा त्याच्या पायांपाशी भिरकावला आणि म्हणाली, "तोंड चालवतोयस तेवढे हात चालव!" शेवटी दोघांनी मिळून छप्पर घातलं. ते अजून गळत नाही.

मी तिची शेजारीण, सिल्वी. जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि संयम छोटा. तरी ताइमीपुढे मी जपूनच बोलते. आर्वो मात्र जपत नाही, कारण तोही त्याच आईच्या पोटचा. दोघांची घरं बर्चच्या झाडीतल्या एका पायवाटेने जोडलेली, आणि त्या वाटेवरून भांडणं रोज ये-जा करायची.

आर्वोची बायको हेल्वी वारली आणि पाठोपाठ त्याचे गुडघे गेले. थंडी लागली की गुडघे लाकडासारखे व्हायचे. आमच्याकडे हिवाळ्यात पुरुष बर्फात भोक पाडून उलट्या बादलीवर बसतात आणि गळ सोडतात. ते ज्याचं सुटलं त्याचं अर्धं आयुष्य सुटलं म्हणायचं. आर्वो दोन हिवाळे खिडकीत कॉफी घेऊन बसला आणि दुसऱ्यांचे मासे मोजत राहिला. आमचे पुरुष मुळात बोलतात कमी. त्यातही आर्वोचं कमी झालं म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या.

मग शरदात त्याची मुलगी डुलुथ शहरातून तंबू घेऊन आली. बर्फावर ओढून न्यायचा, घडीचा, लाल रंगाचा तंबू. खाली प्लॅस्टिकची खोल घसरगाडी, तिच्यात बसायची खुर्ची, आणि वरचं कापड बाळाच्या गाडीचं छत ओढावं तसं डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचं. आत एक लहानशी गॅसची शेगडी. पोरगी परत गेली त्या दिवशी आर्वोने तो अंगणातच उभा केला आणि सबंध सकाळ आत बसून राहिला. ताइमी वेलदोड्याचा पाव घेऊन गेली तर आतून गुणगुणणं ऐकू आलं. ती पाव पायरीवर ठेवून तशीच परत आली. "हेल्वी गेल्यापासून पहिल्यांदा गातोय," एवढंच मला म्हणाली आणि बराच वेळ चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

म्हणून सांगते, पुढे ती जे करायला निघाली ते तिला सोपं नव्हतं. तो तंबू म्हणजे तिच्या भावाचं परत आलेलं आयुष्य होतं, आणि त्याच्या आडवं तिलाच यायचं होतं.

डिसेंबर लागला, तळं गोठलं, आणि वर लगेच बर्फाची भुरभुर झाली. आर्वोने घसरगाडीला दोरी बांधली.

"कुठे निघालास?" ताइमीने विचारलं. मी तिच्या स्वयंपाकघरातच होते. आर्वो दारात, टोपी कानांवर ओढून.

"तळ्याच्या टोकापलीकडे. वॉलाय मासे पहिल्या बर्फालाच गळाला लागतात. तुला काय सांगायचं?"

"बर्फ कोवळा आहे. मी काल पहार मारून पाहिली. धक्क्याजवळ दोन घावांत पाणी आलं. चार इंच धड बर्फ असल्याशिवाय माणसाने पाऊल टाकू नये, हे तूच लोकांना सांगत हिंडायचास."

"ते बादलीवाल्यांना. माझा तंबू आहे. फुलासारखा हलका."

"तंबू फुलासारखा. आणि आत बसणारा?"

मला हसू आवरलं नाही. आर्वोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पावाचा तुकडा तोंडात कोंबला.

"अगं, खाली बघ तरी," तो म्हणाला. "होडीसारखा तळ आहे. बर्फ फुटलाच तर तरंगेल. वर छप्पर, आत ऊब. बादलीपेक्षा दसपट सुरक्षित आहे हे."

"वाऱ्यापासून सुरक्षित. बर्फाला काय कळतंय वर तंबू आहे की बादली? आपल्या बापाचा घोडा बर्फाखाली गेला तेव्हा त्याच्या पाठीवर चांगली घोंगडी होती."

"घोड्याला पाण्यातून बाहेर यायची सवय नव्हती. मला आहे. दर शनिवारी काय करतो मी?"

शनिवारी आमच्या घरोघरी सॉना तापतो. लाकडाच्या खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी मारायचं, अंगाची लाही होईपर्यंत बसायचं, मग उघड्याने धावत जाऊन तळ्याच्या बर्फात कापलेल्या चौकोनात उतरायचं. आम्ही हे चालायला लागल्यापासून करतो. त्यामुळे बर्फाच्या पाण्याचं भय आमच्या रक्तातच नाही, आणि आमच्या लोकांचा घात होतो तो नेमका इथे. सवयीचं पाणी आणि अवचित पाणी यातला फरक आम्हाला सांगून पटत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

ताइमीने हातातला पेला ओट्यावर ठेवला. वाद घालायची तिची ती पद्धत नव्हती. मला वाटलं, हरली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "शनिवारी सॉना माझ्याकडे. तुझा तंबू घेऊन ये. धक्क्याला लागून उभा कर, तुझ्या मनासारखा, काही कमी ठेवू नकोस. मी आत बसते. तिथे पाणी छातीएवढं आहे, मरणार नाही. बर्फ फुटला आणि मी शनिवारी येते तशी आपली आपण वर आले, तर तू खुशाल टोकापलीकडे जा, मी डबा भरून देईन. नाही आले, तर पहार सांगेल त्या दिवशीच तंबू बर्फावर जाईल. जन्मभर."

"तू?" आर्वो हसला. "तू बेडकीसारखी बाहेर येशील. डबा तयार ठेव."

तो गेल्यावर मी तिला सरळ म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय. सत्तरी उलटली तुझी. त्याला बांधून ठेव, दोरी लपव, काहीही कर, पण हे नको."

"बांधून किती दिवस ठेवू?" ती म्हणाली. "बांधलेला माणूस सुटला की पहिला तिकडेच जातो. त्याला पटायला हवं, सिल्वी. आणि मला दुसरा भाऊ नाही."

शनिवारी दुपारी सॉनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी बर्फावर आडवी टाकायला शिडी आणली होती आणि घोंगड्या. सांगून ठेवते, हे वाचून कुणी असला प्रयोग करू नये. मला तेव्हाही तो वेडेपणा वाटत होता आणि आजही वाटतो.

आर्वो धक्क्यावरूनच वाकून कामाला लागला, आणि काम कसं करावं ते त्याच्याकडून शिकावं. घसरगाडी बर्फावर सरकवली. कापड ओढून ताणून बसवलं. चारी कोपऱ्यांचे लोखंडी स्क्रू बर्फात गच्च फिरवले, वाऱ्याने हलू नये म्हणून. मग फावड्याने बर्फाचा भुगा तंबूच्या झालरीवर चहूबाजूंनी थापला, खालून झुळूक येऊ नये म्हणून. आमच्याकडे सगळे असंच करतात. बायको अंथरूण घालते तसं मन लावून करतात. ताइमी लोकरीच्या कपड्यांत, कमरेला दोरी बांधून आत गेली. दोरीचं टोक माझ्या हातात. तिने खुर्चीसमोरच्या बर्फात मासे धरायचं भोक पाडलं, शेगडी पेटवली, आणि आर्वोने बाहेरून दाराची चेन खालपर्यंत ओढली.

"ऊब जाते नाहीतर," तो म्हणाला.

ठरलं असं होतं की थोडं बसून झालं की ताइमी आतून पहारीने बर्फ फोडेल. आम्ही धक्क्यावर कॉफी पीत उभे. आतून काही आवाज नाही.

"काय गं, मासा लागला का?" आर्वो ओरडला.

"ऊब आहे छान," आतून आळसावलेला आवाज आला. "तुझं खरं आहे. झोप येईल माणसाला."

आर्वोने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. तेवढ्यात एक कट्ट असा आवाज झाला. मोठा नाही, वाळकी काटकी मोडावी एवढाच. पहार उचललीच गेली नव्हती. तंबू एका अंगाला कलला, घसरगाडीची कड पाण्याखाली गेली, ती भरली, आणि सगळं लाल कापड फसकन खाली बसलं.

मी दोरी ओढली. दोरी झालरीच्या खालून येत होती, त्यामुळे मी जितकी ओढली तितकी ताइमी दाराकडे न येता कापडाच्या घडीत ओढली गेली. कापडाखाली एक उंचवटा हलताना दिसायचा. कधी डोकं, कधी कोपर. स्क्रू अजून फुटक्या बर्फाच्या तुकड्यांना धरून होते आणि ते तुकडे कापडाला खाली खेचत होते. भिजलेल्या कापडातून तिचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते.

"दार!" आर्वो किंचाळला. "ताइमी, दाराकडे ये! चेन डावीकडे!" मग तोच थांबला. तंबू फिरला होता. दार कुठल्या बाजूला गेलं ते त्यालाही दिसत नव्हतं. त्यानेच लावलेलं दार.

उंचवटा हलायचा थांबला.

तेव्हा त्या माणसाने, ज्याला पायरी उतरायला माझा हात लागायचा, धक्क्यावर स्वतःला पालथं झोकून दिलं. आमचा प्रत्येक म्हातारा कमरेला सुरा बाळगतो. आर्वोचा त्याच्या बापाचा होता. त्याने कापड मुठीत धरलं आणि मुलीने आणलेला, दोन महिने कुणाला बोट लावू न दिलेला तो तंबू वरपासून खालपर्यंत टराटरा फाडला. फटीतून ताइमीचं तोंड बाहेर आलं, निळं, उघडं, हवा ओढणारं. आम्ही दोघांनी तिला काखेत धरून ओढली. आर्वो काहीतरी बोलत होता, तेच तेच, त्या दोघांच्या लहानपणीचं, मला न समजणारं.

मी तिला सॉनात नेलं, कोरडं केलं, गुंडाळलं, हळूहळू ऊब दिली. बऱ्याच वेळाने ती नीट बोलू लागली.

"सिल्वी, मी ठरवलं होतं की थोडं नाटक करायचं. वर यायला मुद्दाम वेळ लावायचा, म्हणजे त्याची खोड मोडेल." तिने कॉफीचा पेला बाकावर ठेवला. "नाटक करायची वेळच आली नाही. भोकातून पाणी वर येऊन बर्फावर पसरायला लागलं होतं. बाहेर असते तर बर्फ वाकलाय हे कळलं असतं. आत बसून मी त्या पाण्याकडे बघत होते आणि मला पेंग येत होती. मग वर बघितलं तर आकाशच नाही. छातीएवढं पाणी, आणि मला पाय टेकवायचं सुचेना. शनिवारच्या पाण्यात डोक्यावर आकाश असतं गं. आणि शिडी असते."

ती घाबरली होती. ताइमीला घाबरलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि मला रडू आलं. मग मला तिचा राग आला, तोही बोलून दाखवला.

आर्वो बाहेर पायरीवर बसला होता, भिजलेल्या बाह्या तशाच. ताइमी घोंगडीत गुंडाळून दारात आली.

"दार कुठे होतं रे?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

"माहीत नाही," आर्वो म्हणाला. "मला माहीत नाही, ताइमी." आणि त्याने तोंड ओंजळीत धरलं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मी आत जाऊन चुलीत लाकडं घातली, उगाच.

त्यानंतर सबंध महिना आर्वो रोज सकाळी पहार घेऊन काठाशी जायचा, दोन घाव घालायचा आणि परत यायचा. एका शब्दाने कुरकुरला नाही. दरम्यान ताइमीने शेडमधून तंबू काढला, वाळवला, आणि जाड दोरा घेऊन फाटलेलं शिवायला बसली. भावाला खिडकीत परत बसवायचं नाही, हेही तिने ठरवलंच होतं. दोन टाके घातले तोवर आर्वो आला आणि त्याने सुई तिच्या हातातून काढून घेतली. नुसत्या कडा दुमडून शिवू या म्हणाला, जोडायचं नाही.

जानेवारीत बर्फ हातभर जाड झाला, तेव्हा दोघं निघाले. आर्वो पुढे, पावलापावलाला पहार मारत, गळ्यात बर्फात रोवून वर यायचे दोन टोचे लटकवलेले. ताइमी मागे घसरगाडी ओढत. मी कॉफी घेऊन गेले तर आर्वो आत बसून गळ धरून होता, गुडघ्यांवर तिची घोंगडी. झालरीवर बर्फ थापलेला नव्हता. ताइमी बाहेर बादलीवर, त्या फाटलेल्या फटीसमोर, आणि फट वाऱ्याने फडफडत होती.

"अरे, दोन हूक तरी लावून देते," ती म्हणत होती. "वारा थेट आत येतोय. गुडघे आखडतील."

"येऊ दे," आर्वो म्हणाला. "त्यातून तू दिसतेस."